घाईचे मुकुट

त्या सकाळी झेन्झीने दुधाची बादली अशी आदळली की गोठ्यातल्या सगळ्या गायींनी माना वळवून बघितलं. राग गायींवर नव्हता. राग जावयावर होता, आणि जावईबुवा बाहेर लाकडं फोडत मजेत शीळ घालत होते.

तसा हायको वाईट नव्हता. बुर्गीशी लग्न करून चार वर्षं झाली, पण पोरीशी कधी आवाज चढवून बोलला नाही. फक्त तो पार उत्तरेचा, समुद्राकाठचा. त्याच्या गावातली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे भरतीचं पाणी अडवायचा मातीचा बांध. असला माणूस डोंगरात आणून उभा केला की कितीही गुणी असला तरी पायात येतोच. गावात कोणी विचारलं तर झेन्झी त्याला "आमच्या बुर्गीचा नवरा" म्हणायची, नाव घ्यायची नाही. यंदा तिच्या गुडघ्याने संप पुकारला, म्हणून बुर्गीने नवऱ्याला सुट्टी काढायला लावून वर कुरणावर आईच्या मदतीला धाडलं होतं. ती स्वतः शहरातल्या हॉस्पिटलात नर्स. तिला कुठली आलीय सुट्टी!

आणि या गुणी माणसाने काय करून ठेवलं होतं? आदल्या संध्याकाळी झेन्झी दोर शोधायला माळ्यावर चढली, तर गवताच्या मागे, गोणपाटाखाली झाकलेले मुकुट! सगळे तयार, रंगवलेल्या लाकडी सालींच्या फुलांनी मढवलेले. तिला शिडीवरच घाम फुटला.

आमच्याकडे सप्टेंबर सरता सरता गुरं खाली गावात उतरतात. उन्हाळाभर वर एकही जनावर दगावलं नसेल, घरातलं कोणी गेलं नसेल, तरच गायींच्या डोक्यावर मुकुट चढतात. एक जरी गेलं तर उघड्या डोक्यांनी उतरायचं, घंटांमध्ये गवत कोंबून, अगदी मुक्याने. आणि मुकुट करायचे ते शेवटच्या दोन दिवसांत, सगळी गुरं मोजून झाल्यावर. त्याआधी मुकुटाला हात लावणं म्हणजे डोंगराला डिवचणं. मग डोंगर एक जनावर स्वतःकडे ठेवून घेतो. कोणी हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण आमच्या खोऱ्यात कोणी करून बघायलाही गेलेलं नाही.

हायको मात्र करून बसला होता. आणि परवापासून वाल्ली बेपत्ता होती.

वाल्ली म्हणजे यंदा पहिल्यांदाच गाभण राहिलेली कालवड. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि भलतीच आगाऊ. दोन दिवस दोघांनी खालचं रान पिंजून काढलं, ओढे बघितले, सिक्स्टसच्या कुरणात विचारून आले. कुठे मागमूस नाही. आता उरला होता फक्त वेढा.

झेन्झीला काय हवं होतं, ते तरी काय मोठं होतं? तिचा नवरा लोरेन्झ गेला त्या वर्षी ती बिनमुकुटाच्या गुरांमागून उतरली होती. गेल्या वर्षी एका गायीवर वीज पडली, पुन्हा तेच. यंदाचा हा तिचा कुरणावरचा शेवटचा उन्हाळा. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि पलीकडच्या कुरणाच्या सिक्स्टसला तिने शब्द देऊन टाकला होता की पुढच्या वर्षापासून माझं कुरण तू सांभाळ. एकदाच, शेवटचं एकदाच, मुकुट घातलेल्या गायींमागून गावात शिरायचं. बस्स.

म्हणून राग. पण तो काढायचा कसा? आठवडाभर हायको बोटांना पट्ट्या गुंडाळून फिरत होता. विचारलं तर म्हणायचा, काटा रुतला. आता तिला कळलं काटा कसला ते. रागवायला तोंड उघडलं की ती पट्ट्या बांधलेली बोटं डोळ्यांपुढे यायची, आणि शब्द घशातच राहायचे. बादली आपटण्यावाचून बाईने दुसरं करायचं तरी काय?

"चल," ती बाहेर येऊन म्हणाली. "वेढा करायचा. मिठाची पिशवी घे, दिसली तर चाटवायला."

"सगळा वेढा? तुमच्या गुडघ्याने?" हायकोने कुऱ्हाड खाली ठेवली.

"गुडघा माझा आहे. त्याचं मी बघते. तू तुझ्या डोक्याचं बघ, वर गेल्यावर गरगरायला लागतं ते."

"नाही हो आई, आता सवय झालीय."

"झाली असेल. तुमच्याकडे मेंढी बांधावर चढली तरी लोक म्हणतात गिर्यारोहण केलं."

हायको हसला. तिचं टोमणे मारणं त्याला आवडायचं, हीसुद्धा एक पंचाईतच होती.

वेढा म्हणजे आमच्या खोऱ्याला गोल वेढून बसलेली डोंगराची धार. रानातून चढायचं, वरच्या माळांवर निघायचं, मग धारेवरून शिखर, आणि पलीकडून उतरत पुन्हा होतो तिथे. निघायचं सकाळचं दूध काढून आणि परतायचं संध्याकाळच्या दुधाला. ज्याचे पाय धड आहेत त्यालाही दिवसाअखेर जिना उतरता येत नाही. आणि वेढा नेहमी उजव्या हाताने घालायचा, सूर्य जातो तसा, आधी संत लिओनार्डची देवळी, मग पुढे. अर्ध्यातून मागे फिरायचं नाही. झेन्झी फ्रॉक घालायच्या वयापासून वेढा करत आलेली, पण एकदाही उलटी फिरलेली नव्हती.

देवळीपाशी तिने छातीवर क्रूस केला आणि गुरांच्या त्या संताला मनातल्या मनात दम भरला, की बाबा रे, मेणबत्त्या लावून लावून माझी बोटं भाजली आहेत, आता तूही जरा हात हलव.

रानाच्या तोंडाशी काटेरी तारेचं फाटक आहे. ते ओलांडताना हायकोच्या पाठीवरची मिठाची पिशवी तारेत अडकली. त्याने एक हिसडा दिला आणि सुटला.

"सावकाश! पॅन्ट फाडशील."

"नाही फाटली," मागे हात फिरवून तो म्हणाला.

स्प्रूसच्या रानात अजून काळोखी होती. मुळांवरून पाय निसटत होते. झेन्झी काठी टेकत पुढे आणि हायको धापा टाकत मागे, असं त्यांचं चाललं होतं. मधूनच ती तोंडाला हात लावून हाक घालायची, "ये गं, ये गं, वाल्ली, ये!" आणि दोघं कान देऊन थांबायची. वाल्लीच्या गळ्यात घंटा होती. घंटा वाजली असती तर धारेपर्यंत ऐकू आली असती.

रान विरळ झालं, लार्चची झाडं लागली, आणि मग खुरट्या पाइनची ती माजलेली झुडपं, कमरेएवढी आणि एकमेकांत अशी गुंतलेली की कुत्रंही आत शिरायला कुरकुरतं. तिथेच हायको ओरडला, "आई! घंटा!"

घंटा एका फांदीला लटकत होती. पट्टा तुटला होता. आजूबाजूला फांद्या मोडलेल्या आणि मातीत खुरांच्या घसरणीचे ओरखडे. झेन्झीने घंटा काढून घेतली. तिची जीभ बोटांत धरून ठेवली, उगाच वाजू नये म्हणून.

"धडपडली असेल," ती म्हणाली. "घाबरून वर पळाली असेल."

"वर म्हणजे कुठे?"

"शिखराच्या पलीकडे काळी घळ आहे. घाबरलेलं जनावर तिथेच जातं. का जातं ते विचारू नकोस, मी जनावर नाही." मग जरा वेळाने म्हणाली, "तिथून आजवर एकही परत आलेलं नाही."

हायकोच्या बापाचा गोठा होता. गुरं त्याला कळत होती, डोंगर कळत नव्हता. बराच वेळ चालल्यावर तो हळूच म्हणाला, "ती गेली तर मुकुट नाहीत ना?"

"नाहीत."

"एकाही गायीला नाही?"

"एकाही नाही. सांगितलं ना!"

ती इतकी तोडून बोलली, की मागे वळून बघायचा तिला धीर झाला नाही. सांगावं का याला? सांगावं की मेल्या, तूच हे ओढवून घेतलंस, तुझ्या त्या लाल-निळ्या फुलांनी? आयुष्यभर लक्षात ठेवेल. दरवर्षी गुरं उतरायची वेळ आली की हा माणूस कोपऱ्यात तोंड लपवून बसेल. तिने दात आवळले आणि काठी जोरात टेकली.

वरचा माळ लागला तेव्हा ऊन आलं होतं. गवत पिवळं पडायला लागलेलं. मार्मोटांनी, त्या डोंगरातल्या गुबगुबीत घुशींनी, शिट्ट्या मारल्या आणि बिळांत बुड्या घेतल्या. दोघं एका दगडाला टेकून बसली. झेन्झीने रुमाल सोडला. राय्‌चा पाव, चीज आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचे काप. तिने स्वतःच्या वाटणीतले दोन काप न बोलता त्याच्या पावावर सरकवले.

"तुम्ही घ्या ना."

"मला नको. दातात अडकतं."

अडकत काही नव्हतं. पण कोकरासारखा पांढराफटक पडलेला माणूस समोर बसला असताना घास उतरतो थोडाच?

निघताना हायकोने पिशवी पाठीवर घेतली आणि खूश होऊन म्हणाला, "बघा, सवय झाली ती अशी. सकाळी केवढी जड वाटत होती, आता ओझं जाणवतसुद्धा नाही."

"होईल, होईल, तूही डोंगरातला बकरा होशील एक दिवस," झेन्झी पुटपुटली. तिचं लक्ष वर होतं. शिखराच्या पलीकडे, काळ्या घळीवर, डोमकावळे घिरट्या घालत होते.

गुडघा आता प्रत्येक पावलाला कुरकुरत होता, पण ती भराभर चढायला लागली. गवताळ खिंड ओलांडली. तिथून वाट धारेवर चढते. सुरुवातीला धार रुंद आहे, चक्क घोडागाडी जाईल एवढी. मग अरुंद होत जाते. आणि शिखराच्या अलीकडे एक टप्पा असा येतो की दोन्ही बाजूंना काही नाही, नुसती हवा, आणि धरायला खडकात ठोकलेली एक लोखंडी तार. आम्ही त्या टप्प्याला सुरीची पाठ म्हणतो. झेन्झी सवयीने त्यावरून निम्म्यापर्यंत गेली, आणि तिच्या लक्षात आलं की मागे पावलं वाजत नाहीत.

वळून बघितलं तर हायको तार दोन्ही हातांनी धरून बसला होता. बसला म्हणजे घोड्यावर बसावं तसा, धारेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून. डोळे घट्ट मिटलेले.

"हायको!"

"आई, मी येतो. एक मिनिट. येतोच."

"डोळे उघड आधी."

"ते सोडून काहीही सांगा."

एरवी ती हसली असती, वर चार शब्द ऐकवले असते. पण त्याचे हात थरथरत होते, आणि तार त्या थरथरीने वाजत होती. खालून ढगही वर यायला लागले होते.

झेन्झी मधोमध उभी राहिली. पुढे पन्नासेक पावलांवर सुरीची पाठ संपून शिखर लागत होतं, तिथून वाकलं की घळ दिसते. एकदा बघितलं की कळलं असतं. वाल्ली तिथे कुठल्या कपारीत अडकून जिवंत असेल, तर आजच दोर लावून काढता आली असती. उद्या? उद्यापर्यंत डोमकावळे थांबत नसतात. आणि मागे हा, तारेला चिकटलेला, ढग आला तर रात्रभर तसाच बसेल, किंवा बसणारही नाही. तिने घळीकडे बघितलं. मग त्याच्या बोटांकडे बघितलं. एका बोटाची पट्टी सुटून वाऱ्यावर फडफडत होती.

"गेला तो मुकुट खड्ड्यात," ती मोठ्याने म्हणाली, आणि मागे फिरली.

त्याच्यापाशी येऊन ती गुडघ्यावर बसली, ज्या गुडघ्यावर बसायला डॉक्टरने सक्त मनाई केली होती त्यावरच. त्याची बोटं एकेक करून तारेवरून सोडवली आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवली.

"आता ऐक. डोळे उघडू नकोस. माझ्या खांद्याला धर आणि बुड सरकवत मागे ये. घोडा उलटा चालतोय समज."

"पण वाल्ली? आणि मागे फिरायचं नाही ना? तुम्हीच म्हणाला होता."

"मी पुष्कळ काही म्हणते. सरक!"

सरकत सरकत दोघं मागे आली. रुंद धारेवर आल्यावर हायको पालथा पडला आणि गवताच्या मुठी धरून तसाच राहिला. मग उठून बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माझ्यामुळे गेली ती," तो म्हणाला. "तुम्ही पुढे गेला असता तर बघितलं असतंत. शेवटचा उन्हाळा तुमचा, आणि मी..."

"पुरे. कालवडी मला पुष्कळ मिळतील," झेन्झी म्हणाली. "बुर्गीला दुसरा नवरा शोधायला माझ्यात आता ताकद नाही." मग तिला वाटलं, टोमण्यात गुंडाळून सांगण्याची ही वेळ नव्हे. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "अरे, जीव गेला असता माझा तुला काही झालं असतं तर. ऊठ आता."

आणि झेन्झीने आयुष्यात पहिल्यांदा उलटा वेढा धरला.

खिंडीच्या वळणावर ती अशी अचानक थांबली की हायको तिच्या पाठीवर आदळला. समोर, वाटेच्या मधोमध, वाल्ली उभी होती. मान खाली, आणि लांब जीभ काढून एक दगड मन लावून चाटत होती. तो चाटून झाला. दोन पावलं पुढे आली. दुसरा दगड चाटायला लागली. या दोघांकडे तिने वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

"वाल्ली?" हायको कुजबुजला.

झेन्झीने वाटेकडे बघितलं. दगडादगडावर पांढरे खडे चमकत होते. तिने हायकोला खांद्याला धरून गर्रकन वळवलं. मिठाच्या पिशवीच्या कोपऱ्याला तारेने चांगलं बोटभर भोक पाडलं होतं, आणि पिशवीत मूठभर मीठ उरलं होतं.

"सवय झाली म्हणे ओझ्याची!" ती ओरडली. "सवय झाली म्हणे! अरे गाढवा, सकाळपासून माझ्या मिठाने डोंगर खारवत निघालायस तू!"

"म्हणजे ती..."

"म्हणजे ती झुडपांतून निघून दिवसभर आपल्या मागे मागे चरत आलीय! आपण पुढे बोंबलतोय, आणि ही मागे मेजवानी झोडतेय!"

वाल्ली आता अगदी जवळ आली, हायकोच्या पाठीशी नाक नेलं आणि पिशवीच्या भोकात जीभ घातली. हायकोने तिच्या गळ्याला मिठी मारली आणि हुंदके देत हसायला लागला. झेन्झीने काठी टाकली आणि दोघांना एकदम कवेत घेतलं. मग तिला आठवलं की आपण पुढे गेलो असतो, तर घळीत काहीच दिसलं नसतं, आणि ही आगाऊ बया आपल्यामागून थेट सुरीच्या पाठीवर चढली असती. ते ती हायकोला बोलली नाही. फक्त वाल्लीच्या पाठीवर एक सणसणीत रट्टा घातला.

संध्याकाळी दूध काढताना ती गायीच्या पोटाला डोकं टेकून, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माळ्यावरचे ते मुकुट खाली आण. फुलं वाकडी आहेत. नीट बसवून घेऊ."

हायकोच्या हातातलं गवत खाली पडलं. "तुम्हाला कळलं होतं? म्हणून सकाळी रागावला होतात?"

"हो."

"का पण?"

दुधाची धार बादलीत वाजत राहिली.

"सांगितलं ना. फुलं वाकडी आहेत."

गुरं उतरली त्या दिवशी अख्खा गाव रस्त्यावर होता. घंटा अशा दणाणत होत्या की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मुकुट डुलत होते, आणि ते नीट बसवूनही वाकडेच होते. कालवडींना आमच्याकडे मुकुट नसतो, पण हायकोने वाल्लीसाठीही एक छोटासा केला होता, आणि तिने वाटेत शेजारच्या गायीच्या मुकुटाची दोन फुलं खाऊन दाखवली. झेन्झी मागून लंगडत चालली होती. तिने तिची ठेवणीतली हॅट घातली होती आणि ती कोणापासूनही डोळे लपवत नव्हती. ओले होते तर होते.

चौकातल्या हौदापाशी गुरं पाण्याला थांबली. सिक्स्टस तिथेच उभा होता. तो पुढे झाला, मुकुटांकडे निरखून बघितलं.

"झेन्झी, हे कोणी केले?"

"आमच्या हायकोने."

हायकोने मान वळवून तिच्याकडे बघितलं. सिक्स्टसने एक भुवई वर केली. "हौशी आहे. एवढे सगळे म्हणजे दिवस लागले असतील. कधी केले? कालवड सापडायच्या आधी की नंतर?"

हौदाभोवतीची माणसं बोलायची थांबली. सगळ्यांना कळलं होतं तो काय विचारतोय. कळलं नव्हतं ते एका हायकोलाच.

"ते तर मी आधीच..." त्याने उत्साहाने सुरुवात केली, आणि झेन्झीने खिळ्यांच्या बुटाने त्याच्या पायावर पाय दिला.

"नंतर," ती म्हणाली. सगळ्या गावासमोर, संत लिओनार्डच्या झेंड्याखाली, सिक्स्टसच्या डोळ्यांत डोळे घालून. "दोन रात्री जागलाय पोर. बोटं बघ त्याची."

सिक्स्टसने बोटं बघितली. हॅटला हात लावला आणि मान डोलावली. "मग पुढच्या वर्षी गुरं मी कधी चढवू?"

"तुझी तू तुझ्या कुरणात चढव," झेन्झी म्हणाली, आणि गुरांना हाकारा दिला.

पुढच्या गल्लीत हायको लंगडत तिच्या बरोबरीने आला. "आई, पाय मोडला असता माझा! आणि खोटं का बोललात? मी तर..."

"ऐक. पुढच्या वर्षी मुकुट मी सांगेन तेव्हाच करायचे. त्याआधी एका सालीला जरी हात लावलास तर बोटं तोडून हातात देईन."

तो चार पावलं तसाच चालला. मग थांबला. घंटा पुढे निघून गेल्या.

"पुढच्या वर्षी?"

"वर माणूस नको का कोणी? मी काय एका गुडघ्यावर गायी राखणार आहे?" झेन्झी वळली नाही. "बुर्गीशी मी बोलते. तू आधी त्या बयेला आवर."

वाल्ली मागे वळून त्याच्यापाशी आली होती आणि त्याचा खिसा चाटत होती.